पश्चिमेच्या खिडकीला पडदा: कुठे, कसला आणि कधी

एप्रिलमधल्या एखाद्या दुपारी साडेचार-पाचला पश्चिमेच्या खिडकीपाशी उभं राहा आणि पडद्याला आतल्या बाजूने हात लावून पाहा. तो नुकत्या इस्त्री केलेल्या कपड्यासारखा लागला, तर त्या पडद्याने ऊन अडवलेलं नाही. ते शोषून घेऊन तो आता खोलीला देतो आहे.

आमच्याकडे हेच झालं होतं. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो, तो पहिलाच उन्हाळा. झोपायची खोली पश्चिमेला. दुकानात सांगितलं, "जाड आणि गडद घ्या, ऊन आत येणार नाही." म्हणून मरून रंगाचे ब्लॅकआउट पडदे शिवून घेतले. खोलीत अंधार झाला, उकाडा होता तसाच राहिला. रात्री दहालासुद्धा गादी कोमट लागायची. मे महिन्यात अकोल्याहून मामी आली. दोन दिवस ती काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी पडद्याला हात लावून म्हणाली, "आतून पडदा कायले लावतं वं? ऊन तं आलंच ना आत!"

अकोल्याच्या उन्हाळ्यात चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईचं ते बोलणं होतं. पुढे मी जे वाचलं, मोजलं आणि करून पाहिलं, ते सगळं तिच्या त्या वाक्याशी जुळत गेलं. ज्यांना या विषयाची काहीच माहिती नाही आणि यंदाच्या उन्हाळ्याआधी घरासाठी काहीतरी करायचं आहे, त्यांच्यासाठी ते इथे क्रमाने मांडते.

आधी काचेचं गणित

पाच बाय चार फुटांची खिडकी धरा, म्हणजे साधारण १.८६ चौरस मीटर. पश्चिमेच्या उभ्या काचेवर एप्रिलच्या स्वच्छ दुपारी दर चौरस मीटरला ढोबळ मानाने ६०० वॅट ऊन पडतं. साध्या एकेरी काचेतून त्यातला सुमारे ८० टक्के भाग उष्णता म्हणून आत येतो. गुणाकार केला की होतात जवळपास ९०० वॅट. घरातली साधी इस्त्री ७५० ते १००० वॅटची असते. म्हणजे ती काहीच न झाकलेली खिडकी ही दुपारभर चालू ठेवलेली इस्त्रीच आहे. एक टनाचा एसी साडेतीन हजार वॅट उष्णता बाहेर काढतो. त्याची पाव ताकद या एका खिडकीवर खर्च होते.

आता दुसरी बाजू. बाहेर ४० अंश आणि आत २८ अंश असताना, ऊन अजिबात पडत नसेल, तर निव्वळ बाहेरच्या गरम हवेमुळे त्याच काचेतून आत येणारी उष्णता सुमारे १३० वॅट भरते. उन्हाचे ९०० आणि हवेचे १३०. आपल्याकडच्या उन्हाळ्याचं सगळं मर्म या दोन आकड्यांत आहे. थंड देशांत पडद्याचं काम घरातली ऊब धरून ठेवणं हे असतं, म्हणून तिकडे जाडीला महत्त्व. आपल्याकडे पडद्याचं पहिलं काम ऊन परतवणं हे आहे, म्हणून इथे जागा आणि रंग महत्त्वाचे.

काच उन्हाला आत येऊ देते, पण ऊन पडून तापलेल्या फरशीतून, गादीतून, पडद्यातून जे अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण निघतात त्यांना ती सरळ बाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे आत आलेली उष्णता आतच राहते. गडद पडद्याचा घोटाळा हाच आहे. तो ऊन पितो, तापतो आणि रेडिएटरसारखा खोलीत बसतो. पांढऱ्या पडद्यावर पडलेलं ऊन बरंचसं उजेडाच्या रूपातच परत फिरतं आणि आलं तसं काचेतून निघून जातं.

पायरी पहिली: एक दिवस उन्हामागे फिरा

काहीही विकत घेण्याआधी एक सुट्टीचा दिवस यासाठी द्या. फोनमधल्या होकायंत्राने प्रत्येक खिडकीची दिशा पाहा. कागदावर खिडक्यांची नावं लिहा आणि कोणत्या खिडकीवर ऊन कधी येतं, कधी जातं, ते तासातासाने टिपा. समोरची इमारत, चिंच-गुलमोहर, वरच्या मजल्याची गॅलरी यांच्या सावल्या अशाच कळतात. नकाशावरून त्या कळत नाहीत.

इथे बऱ्याच जणांचा एक गैरसमज होतो, त्यावर जरा थांबते. दक्षिणेची खिडकी तापते अशी आपली समजूत असते. पण महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. पुण्यात मेच्या मध्यावर सूर्य भरदुपारी बरोबर डोक्यावर येतो (आपण ज्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतो तो), आणि तिथून जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य चक्क उत्तरेकडे झुकलेला असतो. म्हणजे ऐन मे महिन्यात दक्षिणेच्या खिडकीवर थेट ऊन जवळजवळ नसतंच. ते येतं डिसेंबरात. तेव्हा माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो आणि ऊन घरात लांबवर येतं. थंडीत ते हवंहवंसं असतं, म्हणून दक्षिणेच्या खिडकीवर पैसे घालवू नका. साधा पडदा लावा आणि हिवाळ्यात दिवसा तो उघडा ठेवा.

खरी शत्रू पश्चिम. तिथे छज्जाही कामाला येत नाही. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्यात दुपारी साडेचारच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून ३२ अंशांवर, बरोबर पश्चिमेला असतो. खिडकीवर दीड फुटाचा छज्जा असेल तर त्याची सावली जेमतेम ११ इंच खाली पडते. चार फुटांच्या खिडकीतली उरलेली तीन फूट काच उन्हात. तासाभराने ती सावली सहा इंचांवर येते. जूनमध्ये सूर्य पश्चिमेच्या २५ अंश उत्तरेला मावळतो, त्यामुळे उत्तरेच्या खिडकीलाही संध्याकाळी तिरपं ऊन लागतं.

पूर्वेच्या खिडकीलाही पश्चिमेइतकंच ऊन मिळतं. फक्त ते सकाळी येतं, घर आणि हवा दोन्ही त्या वेळी गार असतात, म्हणून चटका कमी जाणवतो. तेव्हा क्रम असा: आधी पश्चिम, मग पूर्व, बाकीच्या नंतर.

पायरी दुसरी: शक्य असेल तर बाहेरून झाका

अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या मार्गदर्शनात दोन आकडे आहेत. मध्यम रंगाचा, मागे पांढरं प्लास्टिकचं अस्तर असलेला पडदा आतून लावला तर उन्हाची उष्णता सुमारे ३३ टक्क्यांनी कमी होऊ शकते. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून कापडी छप्पर लावलं तर ७७ टक्क्यांपर्यंत. देश वेगळा असला तरी कारण तेच आहे: बाहेरचं आवरण तापलं तरी त्याची उष्णता बाहेरचा वारा घेऊन जातो.

आपल्याकडे बाहेर लावायला तीन सोप्या गोष्टी मिळतात.

शेडनेट, म्हणजे नर्सरीवर दिसते ती जाळी. शेतीसाहित्याच्या दुकानात ती मीटरवर मिळते. ५०, ७५, ९० टक्के हे आकडे ती किती ऊन अडवते ते सांगतात. घरासाठी ७५ ची घ्या. ९० ची लावली तर दिवसा दिवा लावावा लागतो आणि वाराही अडतो. घेताना अतिनील किरणांना टिकणारी आहे का ते विचारा, नाहीतर दुसऱ्या उन्हाळ्यात हातात भुगा येतो.

बांबूच्या काड्यांचे चिकाचे पडदे. पुण्यात बुरूड आळीत मापाप्रमाणे करून मिळतात, तुमच्या गावातही बुरूडकाम करणारे असतील तर त्यांच्याकडे चौकशी करा. दिसायला देखणे, गुंडाळून वर घेता येतात, वारा आत येऊ देतात. पावसात मात्र काळे पडतात.

तिसरी, पुढे ओढता येणारी कापडी छत्री किंवा ताडपत्रीची कनात. तळमजल्याला आणि गच्चीच्या खोल्यांना उत्तम.

आम्ही शेडनेट लावली. ती कशी, ते नीट सांगते, कारण चूक तिथेच होते. जाळी काचेला किंवा ग्रिलला चिकटवून बांधू नका. मध्ये चार ते सहा इंच जागा हवी, म्हणजे तिथली तापलेली हवा वर निघून जाते. आम्ही ग्रिलच्या वरच्या आणि खालच्या गजाला प्रत्येकी एक बांबू आडवा बांधला आणि त्यांवर जाळी ताणली. जाळीच्या कडा दुमडून त्यात कापडी पट्टी शिवली आणि फुटाफुटावर पितळी रिंगा मारून घेतल्या. ताडपत्री शिवणारे हे काम करून देतात. नुसत्या जाळीच्या भोकातून दोरी ओवली की पहिल्याच वाऱ्यात ती फाटते.

आणि वारा येतोच. आमची पहिली जाळी मी सगळीकडून घट्ट गाठी मारून पक्की केली होती. मेअखेरीला वळीव आला, जाळीचं शीड झालं, वरचा बांबू निसटला आणि खालच्या मजल्यावरच्या आजींच्या गॅलरीसमोर लोंबकळत राहिला. कुणाला लागलं नाही, पण तो पाऊण तास मी विसरलेले नाही. तेव्हापासून वरची बाजू पक्की आणि खालची बाजू सुरगाठीने, अशी बांधते. आभाळ भरून आलं की खालची दोरी ओढायची, जाळी गुंडाळायची आणि ग्रिलला अडकवायची. एका मिनिटाचं काम. ग्रिल नसलेल्या उंच खिडकीबाहेर वाकून हे स्वतः करू नका. तिथे जाळी लावण्यापेक्षा आतला पर्याय बरा.

सोसायटीत राहत असाल तर बाहेरच्या बाजूला काही लावण्याआधी कमिटीला लेखी कळवा. इमारतीच्या दर्शनी भागाबद्दल अनेक ठिकाणी नियम असतात. रंग कोणता चालेल हे आधी ठरवून घेतलं की सगळ्या पश्चिमेकडच्या घरांना एकसारखी जाळी लावता येते आणि कुणाची तक्रार राहत नाही.

पायरी तिसरी: आतलं आवरण

भाड्याचं घर आहे, कमिटी नाही म्हणते, ग्रिल नाही, अशी अडचण असेल तर आतून झाका. आतलं आवरणही उपयोगी आहे, फक्त त्याच्याकडून अर्ध्याच कामाची अपेक्षा ठेवा.

काचेकडची बाजू पांढरी हवी. खोलीकडे तुम्हाला हवा तो रंग असू द्या. माझे मरून पडदे मी टाकले नाहीत. मागे पांढऱ्या सुती कापडाचं अस्तर शिवून घेतलं आणि ते आजही चालू आहेत. रॉड खिडकीच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच पुढे न्या, पडदा भिंतीजवळ राहू द्या आणि खाली जमिनीपर्यंत सोडा. पडद्यामागे तापलेली हवा वरून खोलीत उतरते. रॉडवर पेल्मेट, म्हणजे रॉड वरून झाकणारी लाकडी पेटी, असेल तर ती वाट बरीचशी बंद होते.

ब्लाइंडमध्ये पांढरी किंवा चंदेरी पाठ असलेली रोलर चांगली. लहान मुलं असलेल्या घरात लोंबती दोरी किंवा मण्यांची साखळी असलेली ब्लाइंड लावू नका. गळ्याला फास बसण्याचा धोका खरा आहे. बिनदोरीची घ्या, किंवा दोरी भिंतीवर उंच हुकाला पक्की करा.

काचेवर चिकटवायच्या फिल्मबद्दल खूप विचारणा होते. उष्णता अडवणारी चांगली फिल्म काम करते, पण ती बाराही महिने काचेवर राहते, हिवाळ्यातलं ऊनही घालवते आणि काही फिल्म काचेतच उष्णता शोषतात. अशा काचेच्या अर्ध्या भागावर ऊन आणि अर्ध्यावर सावली पडली की काच तडकू शकते. तारेच्या जाळीच्या काचेवर तर लावूच नका. खिडक्या बदलून दुहेरी काच बसवायचा विचार असेल तर एवढं लक्षात घ्या: साध्या दुहेरी काचेतूनही अंगावर पडलेल्या उन्हातलं सुमारे ७६ टक्के ऊन आत येतं. ऊन परतवणारा लेप असलेली काच असेल तरच पश्चिमेला तिचा फायदा.

पायरी चौथी: वेळ

आवरण कितीही चांगलं असो, ऊन आल्यावर ओढलं तर उशीर झालेला असतो. पश्चिमेचा पडदा दुपारी बारा-साडेबारालाच ओढा, पूर्वेचा आदल्या रात्रीच.

काच कधी बंद ठेवायची आणि कधी उघडायची हे मात्र तुम्ही कुठे राहता त्यावर ठरतं.

पुणे, नाशिक, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर इकडे हवा कोरडी आणि रात्र बऱ्यापैकी गार. पुण्यात एप्रिलमध्ये दुपारी ३८ असलं तरी पहाटे वीस-एकवीसपर्यंत पारा उतरतो. सकाळी नऊ-दहाला खिडक्या बंद, आवरणं खाली. बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की सगळं उघडा, पडदे बाजूला बांधून ठेवा आणि रात्रभर भिंती निवू द्या.

मुंबई, कोकण, गोवा इथे दिवस-रात्रीच्या तापमानात फरक थोडा आणि दमटपणा फार. तिथे खिडकी बंद करून बसलात तर घामाने जीव जाईल. तिथे आवरण असं हवं की ऊन अडेल आणि वारा येईल: चिकाचा पडदा खालचं फूटभर मोकळं सोडून, किंवा फटी असलेल्या लाकडी झडपा. गोव्याच्या जुन्या घरांच्या खिडक्यांना शिंपल्यांची तावदानं दिसतात. त्यांतून येणारा उजेड दुधासारखा मऊ असतो, डोळ्यांवर येत नाही. या भागात पावसाळ्यात जाड पडदे काढून ठेवा. मागच्या भिंतीला बुरशी धरते.

विदर्भात वाळा आहे. मामीच्या घरी पश्चिमेच्या दाराला वाळ्याची ताटी लागायची. दुपारी दोनपासून दर थोड्या वेळाने तांब्याने पाणी मारायचं, आणि त्या ओल्या मुळांमधून आत येणारी गरम झळ गार वाऱ्याची होऊन यायची, वासासकट. एक लिटर पाणी पूर्ण वाळताना सुमारे दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता शोषतं. वर जी खिडकी सांगितली, तिच्यातून पाऊण तासात येणारी उष्णता तेवढीच. पण तीन अटी: बाहेरची हवा कोरडी हवी, वारा ताटीतून आत यायला हवा आणि समोरच्या बाजूला हवा निघून जायला एखादं दार किलकिलं हवं. संध्याकाळी ताटी वाळू द्या, नाहीतर कुबट वास धरते. कोरडी ताटी पटकन पेटते, म्हणून देवघर, गॅस आणि विजेच्या उघड्या जोडण्यांपासून लांब ठेवा. वरच्या मजल्यावर राहत असाल तर खाली पाणी ठिबकणार नाही यासाठी पन्हळ लावा.

थंड देशात राहणाऱ्यांसाठी हा क्रम उलटा होतो. टोरांटो किंवा लंडनच्या जानेवारीत दिवसा दक्षिणेचे पडदे उघडे ठेवून ऊन आत घ्या, अंधार पडताच सगळे ओढा. मधमाश्यांच्या पोळ्यासारखे हवेचे कप्पे असलेली ब्लाइंड कडेला फट न ठेवता बसवली तर खिडकीतून जाणारी ऊब ४० टक्क्यांहून अधिक वाचू शकते, असं त्याच अमेरिकन मार्गदर्शनात म्हटलं आहे. फक्त सकाळी पडदे उघडून काचेवर जमलेलं पाणी पुसून टाका.

पायरी पाचवी: एसी आणि वीजबिल

आपल्या ९०० वॅटच्या खिडकीतून दुपारी साधारण चार तास ऊन येतं. सगळा वेळ ते सारखं नसतं, म्हणून सरासरी ७०० वॅट धरू. ती अडीच-पावणेतीन युनिट उष्णता बाहेर काढायला चांगल्या एसीला पाऊण-एक युनिट वीज लागते. बाहेरून झाकून त्यातला तीन-चतुर्थांश भाग वाचला, तर एका खिडकीमागे महिन्याला वीसेक युनिट. हा आकडा प्रामाणिक आहे, डोळे दिपवणारा नाही. अशा दोन-तीन खिडक्या असतील आणि तुमचं बिल ३०० युनिटांच्या उंबरठ्यावर असेल, तर वरच्या टप्प्याचा महाग दर टळतो आणि तिथे फरक दिसतो.

त्याहून मोठा फायदा दुसरा आहे. तापलेल्या काचेजवळ किंवा पडद्याजवळ बसलं की हवा गार असूनही अंगाला धग लागते, मग आपण एसी २० वर नेतो. ती धग गेली की २६ वर ठेवून पंखा लावला तरी बरं वाटतं. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोच्या म्हणण्यानुसार एसीचं तापमान एका अंशाने वाढवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते. तारांकित (स्टार रेटिंगचे) एसी १ जानेवारी २०२० पासून चालू करताना २४ अंशांवरच सुरू होतील असे ठेवण्याची सक्तीही त्यासाठीच झाली.

पायरी सहावी: मोजा, मग पुढची खिडकी

एक साधा डिजिटल तापमापक घ्या. खोलीच्या मध्यभागी, उन्हापासून आणि एसीच्या झोतापासून दूर, कमरेच्या उंचीवर टेबलावर ठेवा. आवरण लावण्याआधी तीन दिवस आणि लावल्यानंतर तीन दिवस, दुपारी दोन, पाच आणि रात्री दहा या तीनच वेळा आकडा लिहा. बाहेरचं तापमानही सोबत टिपा, कारण ढगाळ दिवसाची तुलना स्वच्छ उन्हाच्या दिवसाशी करून उपयोग नाही. रात्री दहाच्या आकड्याकडे नीट लक्ष द्या. भिंतींनी दिवसभरात किती उष्णता घेतली ते तो सांगतो. तिथे फरक पडला तरच पुढच्या खिडकीवर खर्च करा. नाही पडला, तर तुमची उष्णता बहुतेक छतातून येते आहे. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांच्या बाबतीत हे नेहमी घडतं, आणि त्याला पडदा हा उपाय नाही. गच्चीला पांढरा रंग देणं हा आहे.

नवं घर घेणार असाल तर आत्ताच विचारा: झोपायच्या खोल्यांच्या मोठ्या खिडक्या पश्चिमेला आहेत का? केंद्र सरकारच्या इको निवास संहिता २०१८ मध्ये, म्हणजे घरांच्या ऊर्जाबचतीच्या नियमांत, इमारतीच्या भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेची मर्यादा चौरस मीटरला १५ वॅट ठरवली आहे. बिल्डरने त्यानुसार हिशेब केला आहे का, हे विचारायला संकोच करू नका.

मृगाचा पाऊस सुरू झाला की शेडनेट उतरवा, साबणाच्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा आणि गुंडाळून माळ्यावर ठेवा. बांबू चालतील तितकी वर्षं वापरा. दोऱ्या मात्र दर वर्षी नव्या घ्या. उन्हात राहिलेली नायलॉनची दोरी वरून धड दिसते आणि हाताने ताणली की तुटते.